कूस बदलली की घर का फिरतं?

"डॉक्टर, कूस बदलली की घर गरगर फिरतं. हे मानेचं आहे, बीपीचं आहे, की मेंदूत काही झालंय?"

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे हा प्रश्न रोजचाच. विचारणारं माणूस तोवर बरेच उपाय करून आलेलं असतं. पित्त असेल म्हणून सूतशेखर घेऊन झालेलं असतं. मानेचा एक्स-रे काढून गळ्याला पट्टा लागलेला असतो. मेडिकलमधून चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या आणलेल्या असतात. या सगळ्याखाली एक मोठी भीती असते आणि ती बहुतेक जण अगदी शेवटी, खुर्चीतून उठताना बोलून दाखवतात : "अर्धांगाची सुरुवात तर नाही ना ही?"

आजूबाजूचं सगळं फिरतंय असं वाटणारी चक्कर बहुतेक वेळा आंतरकर्णातून, म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या भागातून येते. तिचे प्रकार ठरलेले आहेत. त्यांतले बरेचसे तपासणीच्या टेबलावरच ओळखता येतात आणि सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार तर तिथल्या तिथे बराही करता येतो. अंथरुणाला खिळून, मान आखडून, वर्षानुवर्षं गोळ्या खात दिवस काढायची वेळ फार थोड्यांवर यायला हवी. योग्य वेळी केलेली योग्य हालचाल हाच इथला मोठा उपचार आहे. तो का लागू पडतो, हे समजण्यासाठी आधी कान काय काम करतो ते पाहू.

१. तोल कोण सांभाळतं?

उभं राहणं आपल्याला इतकं सहज जमतं की त्यामागे काही काम चालू असेल असं वाटतच नाही. प्रत्यक्षात मेंदूकडे तीन ठिकाणांहून सतत खबर येत असते. डोळे सांगतात, समोरची भिंत सरळ आहे. तळपाय, घोटे, गुडघे आणि मानेचे स्नायू सांगतात, जमीन अशी आहे, भार या पायावर आहे. आणि आंतरकर्ण सांगतो, डोकं कुठे कललं, कोणत्या दिशेने वळलं, किती वेगाने वळलं.

हे स्वतः करून पाहता येतं. खोलीच्या कोपऱ्यात, भिंत हाताशी राहील असे उभे राहा. सोबतीला कोणीतरी असू द्या. पाय जुळवा आणि डोळे मिटा. शरीर किंचित डुलू लागेल, कारण तीनपैकी एक खबर बंद झाली. आता हेच मऊ गादीवर उभं राहून करा. तळपायांची खबरही अंधुक होते आणि सगळी भिस्त कानावर येते. निरोगी माणूस एवढ्यावरही उभा राहतो. ज्याच्या कानाचा तोल बिघडलाय, तो कलंडतो.

म्हणूनच असे रुग्ण दिवसा बरे असतात आणि रात्री पडतात. दिवे गेलेले, मोरीत पाणी सांडलेलं, चष्मा उशाशी राहिलेला. डोळे आणि पाय दोघांचीही मदत तिथे तुटते.

२. तीन नळ्या, दोन पिशव्या

कानामागे हाताला जे कठीण हाड लागतं, त्याच्या आत खोलवर शरीरातल्या अत्यंत टणक हाडांपैकी एक आहे. त्या हाडात ऐकण्याचा शंख आहे आणि त्याला लागूनच तोलाचं इंद्रिय आहे. त्याचे दोन भाग आहेत.

पहिला भाग अर्धवर्तुळाकार नळ्यांचा. प्रत्येक कानात तीन नळ्या, एकमेकींशी साधारण काटकोनात. मान हलवून 'नाही' म्हटलं तर एक नळी जागी होते, 'हो' म्हटलं किंवा डोकं खांद्याकडे कलवलं तर दुसऱ्या. नळ्यांमध्ये द्रव भरलेला असतो. प्रत्येक नळीच्या फुगीर टोकाशी एक नाजूक पडदा असतो आणि त्यात सूक्ष्म केसांच्या पेशी रुतलेल्या असतात.

द्रवाचं काम समजण्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ. पातेल्यात पाणी घ्या, त्यावर कढीपत्त्याचं पान सोडा आणि पातेलं झटकन फिरवा. पातेलं फिरतं, पान मात्र क्षणभर जागच्या जागी राहतं. पातेलं फिरवतच राहिलात तर पाणी हळूहळू त्याच वेगाने फिरू लागतं. आता पातेलं थांबवा. पान फिरतच राहील. नळीतही हेच होतं. डोकं वळलं की द्रव मागे राहतो, पडदा वाकतो, केसांच्या पेशी मेंदूला सांगतात, 'डोकं वळलं.' आणि मंगळागौरीला जोरात फुगडी घालून थांबल्यावर घर का फिरतं, त्याचंही उत्तर यातच आहे. पाय थांबले, डोकं थांबलं, पण नळीतला द्रव अजून पडद्याला ढकलतोय. थोड्या वेळात पडदा सरळ होतो आणि घर थांबतं.

दुसरा भाग दोन छोट्या पिशव्यांचा. त्या वर-खाली, पुढे-मागे होणारी सरळ हालचाल आणि डोक्याचा कल ओळखतात. लिफ्ट सुटल्याचं डोळे मिटूनही कळतं ते यांच्यामुळे. या पिशव्यांतल्या केसांच्या पेशींवर एक चिकट थर असतो आणि त्यावर कॅल्शिअम कार्बोनेटचे बारीक खडे बसलेले असतात. चुनखडी आणि शिंपले ज्या पदार्थाचे, त्याच पदार्थाचे हे खडे. आकाराने साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. डोकं कललं की खडे आपल्या वजनाने थराला ओढतात आणि मेंदूला कल समजतो.

पिशवीतल्या खड्यांना वजनाची जाण असायला हवी, नळीतल्या द्रवाला ती नको. पुढची बरीचशी गोष्ट हा नियम मोडल्यावर काय होतं याची आहे.

३. कान आणि डोळे यांची जोडी

हातातलं वर्तमानपत्र समोर धरा, डोकं स्थिर ठेवा आणि कागद पटपट डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं वाचता येत नाहीत. आता कागद स्थिर ठेवून त्याच वेगाने डोकं हलवा. अक्षरं वाचता येतात. कारण डोकं उजवीकडे वळताच कान डोळ्यांना तेवढंच डावीकडे वळवतो आणि नजर जागेवर राहते. यासाठी साधारण एका सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो.

ही जोडी तुटली तर काय होतं, हे अमेरिकेतल्या एका डॉक्टरने स्वतः भोगून 1952 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहून ठेवलं. त्याच्या गुडघ्याला क्षय झाला होता आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी त्याच्या दोन्ही कानांचा तोल गेला. त्याला अंथरुणात पडून वाचताही येईना, कारण नाडीच्या ठोक्यांनी डोकं जेवढं हलतं तेवढ्यानेही अक्षरं उड्या मारत. शेवटी तो पलंगाच्या लोखंडी गजांमध्ये डोकं टेकवून घट्ट धरी, तेव्हा कुठे ओळ स्थिर दिसे. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन या गटातली इंजेक्शनं प्राण वाचवतात, पण ती चालू असताना चालताना झोकांड्या जाऊ लागल्या किंवा नजर हलू लागली, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायला हवं.

कान आणि डोळे यांची जोडी आहे म्हणूनच कानाचं दुखणं डोळ्यांत दिसतं. एका कानातून चुकीची खबर गेली की डोळे एका बाजूला हळू सरकतात आणि हिसका देऊन परत येतात, पुन्हा सरकतात, पुन्हा परत येतात. या हिसक्यांना नीस्टॅग्मस म्हणतात. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी यावरूनच एक तपासणी शोधली. रुग्णांचे कान पाण्याने धुताना त्यांच्या लक्षात आलं की पाणी थंड असलं की रुग्णाला गरगरतं आणि डोळे हिसके देतात; पाणी फार गरम असलं तरी गरगरतं, पण हिसक्यांची दिशा उलटते. थंड किंवा गरम पाण्याने नळीतला द्रव खाली-वर होतो, हे त्याचं कारण. एकेका कानाची स्वतंत्र परीक्षा करण्याचा मार्ग यातून सापडला. या कामाबद्दल त्यांना 1914 सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्या वेळी ते पहिल्या महायुद्धात रशियनांच्या कैदेत होते. आजही कानात थंड-गरम पाणी किंवा हवा सोडून ही तपासणी करतात.

४. दोन प्रश्न : किती वेळ आणि कशाने?

"चक्कर कशी येते?" असं विचारलं की उत्तरं गोंधळात टाकणारी येतात. कोणाला गरगरतं, कोणाला डोकं हलकं वाटतं, कोणाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यापेक्षा दोन प्रश्नांची उत्तरं जास्त उपयोगी पडतात. एक झटका किती वेळ टिकतो? आणि तो कशाने सुरू होतो?

समजा, साठीच्या एक काकू सांगतात : "पहाटे उजव्या कुशीवर वळले आणि छत फिरायला लागलं. अर्धा मिनिट असेल. तशीच पडून राहिले, थांबलं. फळीवरचा डबा काढायला मान वर केली तेव्हाही तसंच झालं." उत्तरं आहेत : काही सेकंद, आणि डोक्याची स्थिती बदलल्यावर. हे खड्यांचं दुखणं.

दुसऱ्या रुग्णाला आडवं असताना कितीही कुशी बदलल्या तरी काही होत नाही. पलंगावरून झटकन उभं राहिलं की अंधारी येते. उठल्यावर बीपी घसरण्याचं हे लक्षण. बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांनीही ते होतं. इथे कान निर्दोष असतो.

तिसऱ्याला कालपासून अखंड गरगरतंय, उलट्या थांबत नाहीत, डोकं हलवलं की आणखी वाढतं. ऐकू नीट येतं. हा बहुधा कानाच्या तोलाच्या नसेचा दाह. मात्र लहान मेंदूचा पक्षाघातही अगदी असाच दिसू शकतो, म्हणून अशा माणसाची तपासणी त्याच दिवशी, रुग्णालयातच व्हायला हवी.

चौथ्या बाईला महिन्यातून दोनदा दोन-तीन तासांचा झटका येतो. त्याआधी एक कान भरल्यासारखा होतो, त्यात घूं आवाज येतो, फोन त्या कानाला लावला तर शब्द कळत नाहीत. हे मेनिएरचं दुखणं असण्याची शक्यता मोठी.

चार माणसं, चौघांचीही तक्रार 'चक्कर येते' हीच, आणि चौघांचे उपचार वेगळे. म्हणून एकाची गोळी दुसऱ्याने घेऊ नये.

५. खडे सरकतात तेव्हा

काकूंच्या दुखण्याला डॉक्टर बीपीपीव्ही म्हणतात. पिशवीतल्या थरावरून काही खडे सुटतात आणि नळीत जातात. मागची नळी सगळ्यांत खालच्या पातळीवर असल्यामुळे बहुतेक वेळा तिच्यात. आता डोकं वळलं की खडे वजनाने नळीतून घरंगळतात आणि सोबत द्रवाला ओढतात. डोकं थांबलेलं, पण कान सांगतोय, 'आपण फिरतोय.' खडे तळाशी जाऊन बसले की खबर थांबते. म्हणून झटका मिनिटभरातच आटोपतो. वय वाढलं की, डोक्याला मार लागला की किंवा बरेच दिवस एकाच स्थितीत पडून राहिलं की खडे सुटण्याचा संभव वाढतो.

या दुखण्याची ओळख पटवणारी चाचणी 1952 साली डिक्स आणि हॉलपाइक यांनी नीट मांडली. टेबलावर बसलेल्या रुग्णाचं डोकं 45 अंश एका बाजूला वळवायचं आणि त्याला पटकन मागे आडवं करायचं, डोकं टेबलाच्या पातळीपेक्षा थोडं खाली. "डोळे उघडे ठेवा, मी धरलंय तुम्हाला," असं डॉक्टर सांगतात. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग एकाएकी रुग्ण टेबलाची कड घट्ट धरतो आणि त्याचे डोळे वर हिसके देत गोल फिरताना दिसतात. अर्ध्या मिनिटात हिसके मंदावतात आणि थांबतात. डोळ्यांचं हे फिरणं पाहिलं की निदान झालं. एमआरआय लागत नाही आणि एमआरआयमध्ये हे खडे दिसतही नाहीत.

आता उपचार. खडे नळीत घरंगळत गेले असतील तर डोकं योग्य क्रमाने वळवून त्यांना घरंगळत परत आणता यायला हवं. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉ. जॉन एप्ली यांनी हा विचार प्लास्टिकच्या नळीच्या नमुन्यावर तपासून पाहिला. गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही, नुसतं डोकं वळवून चक्कर जाते यावर सहकाऱ्यांचा विश्वास बसेना. 1992 साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आज जगभर हाच पहिला उपचार मानतात.

उजव्या कानाच्या मागच्या नळीसाठी त्याचा क्रम असा असतो. रुग्ण पाय लांब करून बसतो, डोकं 45 अंश उजवीकडे. तसंच मागे आडवं व्हायचं, खांद्याखाली उशी, म्हणजे डोकं थोडं खाली लोंबतं. चक्कर येईल; ती थांबेपर्यंत आणि वर अर्धा मिनिट तसंच राहायचं. मग डोकं न उचलता डावीकडे 90 अंश वळवायचं आणि थांबायचं. मग सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबायचं. शेवटी हनुवटी थोडी छातीकडे ठेवून डाव्या बाजूनेच सावकाश उठून बसायचं. या प्रवासात खडे नळीच्या दुसऱ्या तोंडाने पिशवीत परत जातात, जिथे ते त्रास देत नाहीत. बहुतेक रुग्ण एक-दोन वेळा केल्यावर बरे होतात.

पहिल्या वेळी हे डॉक्टरांकडून किंवा शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्या. कान कोणता आणि नळी कोणती हे ठरवल्याशिवाय व्हिडिओ पाहून डोकं वळवलं तर खडे दुसऱ्या नळीत जाऊ शकतात. मान किंवा पाठ आखडलेली असेल, मानेचं ऑपरेशन झालेलं असेल, तर पद्धत बदलावी लागते.

हे दुखणं काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत येऊ शकतं. तसं झालं तर निराश व्हायचं कारण नाही, तोच उपचार पुन्हा लागू पडतो. दक्षिण कोरियातल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2020 मध्ये आले, ड जीवनसत्त्व कमी असलेल्या रुग्णांना ते आणि कॅल्शिअम दिल्यावर दुखणं उलटण्याचं प्रमाण घटलं. म्हणून वारंवार खडे सुटत असतील तर रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. दिवसभर घरात किंवा ऑफिसात असणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांत ते कमी निघतं.

६. तीन इतर दुखणी

प्रॉस्पर मेनिएर पॅरिसमध्ये मूकबधिरांच्या संस्थेत डॉक्टर होते. अचानक भोवळ, उलटी, कानात आवाज हे सगळं मेंदूत रक्त साठल्याने होतं, असं तेव्हा मानत आणि रुग्णाला जळवा लावत, रक्त काढत. 1861 मध्ये मेनिएर यांनी मांडलं की मूळ आंतरकर्णात आहे. या दुखण्यात आतल्या द्रवाचा दाब वाढलेला आढळतो. झटका 20 मिनिटांपासून अर्ध्या दिवसापर्यंत टिकतो आणि ऐकणं हळूहळू घटत जातं. मीठ कमी करायला सांगतात. आपल्या ताटात ते लोणचं, पापड, वेफर्स आणि फरसाण यांतून जास्त जातं, आमटीतून कमी. झटके थांबले नाहीत तर औषधं, कानाच्या पडद्यातून इंजेक्शन आणि क्वचित शस्त्रक्रिया असे पुढचे टप्पे आहेत.

तोलाच्या नसेचा दाह बहुधा विषाणूमुळे होत असावा असं मानतात. पहिले दोन-तीन दिवस फार वाईट जातात, मग काही आठवड्यांत माणूस सावरतो. त्याचबरोबर ऐकूही येईनासं झालं तर दाह सबंध आंतरकर्णाला झालेला असू शकतो आणि त्यावर तातडीने उपचार लागतात.

तिसरं दुखणं अर्धशिशीचं. तिच्यात डोकं दुखलंच पाहिजे असं नाही. काही मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत गरगरणं, उजेड आणि आवाज नकोसा होणं, जागरणाने, उपाशी राहिल्याने किंवा पाळीच्या सुमारास त्रास वाढणं, ही तिची खूण. वर्षानुवर्षं चक्कर येणाऱ्या तरुण बायकांमध्ये हे निदान फार वेळा निसटतं. उपचार अर्धशिशीचेच.

७. मान, एक्स-रे आणि गोळी

चाळिशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसते, चक्कर येत असो वा नसो. त्यामुळे एक्स-रे आणि चक्कर यांची गाठ सहज बांधली जाते. ती खरी आहे का, हे काकूंच्या कुशीवर ताडून पाहा. कूस बदलताना मान आणि धड एकत्रच वळतं, मानेला वेगळा पीळ पडत नाही, तरी घर फिरतं. मग दोष मानेचा कसा? पट्टा लावल्यावर डोकं हलत नाही, म्हणून चक्कर दबते एवढंच. खडे तिथेच राहतात आणि मान मात्र आखडते.

गोळ्यांचंही नीट समजून घ्यायला हवं. जोराचा झटका आला, उलट्या होत असल्या, तर प्रोक्लोरपेरझिनसारखी औषधं दोन-तीन दिवस मोठा आराम देतात. पण ती कानाच्या खबरी दाबून टाकतात. महिनोन्महिने घेतली तर मेंदूला नव्या परिस्थितीशी जुळवून घेता येत नाही. प्रोक्लोरपेरझिन आणि सिनारिझिन दीर्घकाळ घेणाऱ्या वयस्कर माणसांत हात थरथरणं, चाल मंदावणं अशी कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात. घरात आजी-आजोबांची 'चक्करची गोळी' वर्षभर चालू असेल तर चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ती अजून हवी का, हे विचारा.

८. मेंदू पुन्हा शिकतो

एका कानाची तोलाची नस कायमची दुबळी झाली तरी माणूस पुन्हा सायकल चालवू शकतो. मेंदू उरलेल्या कानाची, डोळ्यांची आणि पायांची खबर नव्याने जुळवतो. ही क्षमता चाळवण्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी व्यायाम बसवले. आजचे व्यायाम त्यांच्यावरूनच वाढले आहेत.

त्यांतला पायाभूत व्यायाम असा. भिंतीवर डोळ्यांच्या पातळीला एक ठळक अक्षर चिकटवा, समजा 'क'. हातभर अंतरावर बसा. नजर अक्षरावर रोखून डोकं 'नाही' म्हणताना हलवतो तसं हलवा. वेग इतकाच, की अक्षर स्पष्ट दिसत राहील. मिनिटभर करा, थांबा. मग 'हो'च्या दिशेने. दिवसातून तीन वेळा, सगळं मिळून बारा ते वीस मिनिटं. काही दिवसांनी बसण्याऐवजी उभं राहून, मग पाय जुळवून, मग गादीवर. पुढे चालताना डोकं डावी-उजवीकडे वळवणं.

व्यायाम करताना थोडं गरगरतं आणि तिथेच बरेच जण सोडून देतात. थोडं गरगरणं हेच मेंदूला चूक दुरुस्त करण्याचं निमित्त असतं. व्यायामानंतर पाव तासात ते निवळलं तर प्रमाण योग्य. तासन् तास राहिलं तर वेग कमी करा. बसून राहण्याने मात्र मेंदूला शिकायला काहीच मिळत नाही.

भीतीचीही वेगळी दखल घ्यायला हवी. झटके संपले तरी काही जणांना तीन महिन्यांहून जास्त काळ डुलल्यासारखं वाटत राहतं. मॉलमधल्या रांगा, दादर स्टेशनच्या पुलावरची गर्दी, मोबाइलवर सरकणारा पडदा यांनी ते वाढतं. अशा माणसाला घरचे म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुझ्या मनाचे खेळ आहेत." असं म्हणू नये. हे खरं, ओळखलेलं दुखणं आहे. व्यायाम, समुपदेशन आणि गरज पडल्यास औषध यांनी ते कमी होतं.

९. घरात आणि रस्त्यावर

पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर छोटा दिवा ठेवा. मोरीत हाताला धरायला दांडा आणि घसरणार नाही अशी चटई हवी. सपाता घरंगळणाऱ्या नसाव्यात. उठताना आधी बसा, थोडं थांबा, मग उभे राहा. माळ्यावरचा डबा स्टुलावर चढून काढू नका. झटके चालू असेपर्यंत स्कूटर आणि गाडी बाजूला ठेवा. विहिरीत, नदीत एकट्याने पोहायला उतरू नका. पाण्याखाली वर कुठे हे कानच सांगतो. सूर्यनमस्कार आणि योगासनं बंद करायची गरज नाही, पण डोकं खाली जाणारी आसनं डॉक्टरांना विचारून सुरू करा. सलूनमध्ये किंवा दाताच्या डॉक्टरांकडे खुर्ची मागे करण्याआधी आपला त्रास सांगा.

१०. घाई कधी करायची?

चक्करबरोबर बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एकाची दोन दिसणं, हाता-पायाची शक्ती जाणं किंवा ते बधिर होणं, आधाराशिवाय बसता किंवा उभं राहता न येणं, कधी नव्हे असं डोकं किंवा मान दुखणं, यांपैकी काहीही असलं तर 108 ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर तेही 'मळ असेल' म्हणून टाळू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखवा.

बाकी वेळी डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्या : पहिला झटका कधी आला, एक झटका किती वेळ टिकतो, कशाने सुरू होतो, कानात आवाज किंवा बहिरेपणा येतो का, आणि सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. झटक्याच्या वेळी घरच्या कोणी मोबाइलवर डोळ्यांचं चित्रण केलं तर त्याचा फार उपयोग होतो.

आणि कूस बदलताना घर फिरत असेल तर संकोच न करता विचारा : "माझी डिक्स-हॉलपाइक चाचणी कराल का?" तिला एक टेबल, दोन शिकलेले हात आणि पाच मिनिटं लागतात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात जे होतं ते तालुक्याच्या दवाखान्यातही होऊ शकतं. रुग्ण विचारू लागले, तर ते होईलही.